भूकंपाचा धोका आणि भूकंपाची जोखीम

नागपूरच्या एका वाचकाने विचारलं आहे की, त्यांच्या सोसायटीच्या स्ट्रक्चरल ऑडिटच्या मराठी अहवालात ‘शहर कमी भूकंपप्रवण असल्याने इमारतीला भूकंपाचा धोका, अर्थात जोखीम, नगण्य आहे’ असं वाक्य आलं आहे. इमारत सात मजली, तळाला सगळं पार्किंग. इथे धोका आणि जोखीम हे समानार्थी शब्द म्हणून चालतील का?

चालणार नाहीत. ‘अर्थात’ या एका शब्दाने त्या वाक्यात फार मोठी गफलत केली आहे.

जुनी माणसं दागिन्यांना आणि रोख रकमेलाच ‘जोखीम’ म्हणत. ‘अंगावर जोखीम आहे, रात्रीचं निघू नका’ हे वाक्य अजून काही घरांत ऐकू येतं. वाटेत चोर असणं हा धोका, आणि आपल्यापाशी जाण्यासारखं जे आहे ती जोखीम. वाट तीच असली तरी मोकळ्या हाताने जाणाऱ्याची आणि सोनं घेऊन जाणाऱ्याची जोखीम एक नसते. भूकंपाच्या अभ्यासात हाच भेद लागतो आणि तो दाखवणारे शब्द मराठीत आयते आहेत. एखाद्या जागी जमीन किती जोराने हलू शकते आणि तसं होण्याची शक्यता किती, हा धोका. त्या हलण्याने किती माणसं, घरं, पैसा जाऊ शकतो, ही जोखीम. ओसाड माळावर धोका असू शकतो, जोखीम जवळजवळ नसते.

या दोहोंना जोडणारी तिसरी गोष्ट म्हणजे बांधकाम किती तग धरेल. सरकारी कागदांत यासाठी ‘असुरक्षितता’ किंवा ‘भेद्यता’ असे शब्द दिसतात. मला दोन्ही पटत नाहीत. असुरक्षितता माणसाला वाटते, आणि भेद्यता म्हटलं की किल्ला डोळ्यांसमोर येतो. ‘बांधकामाचा कच्चेपणा’ म्हटलं तर गवंड्यापासून इंजिनिअरपर्यंत सगळ्यांना कळतं.

किल्लारीचं उदाहरण घ्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला आणि सुमारे १०,००० माणसं गेली. देशाच्या भूकंप-विभागांच्या त्या वेळच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या विभागात होता. पण घरं कशी होती? दगड-मातीत रचलेल्या दोन-अडीच फुटी भिंती, वर लाकडी माळवद आणि त्यावर मातीचा जाड थर. पावसाळ्यापूर्वी गळती थांबवायला त्यावर आणखी माती पडायची. उन्हाळ्यात घर गार राही, पण डोक्यावरचं ओझं वाढत जाई. भिंतीतले आतले आणि बाहेरचे दगड एकमेकांत नीट गुंतवलेले नसत, त्यामुळे हादऱ्याने भिंत मधून फुटली आणि दगड झोपलेल्या माणसांवर आले. नकाशावर धोका कमी होता, पण जोखीम त्या भिंतींत आणि माळवदांत पिढ्यान् पिढ्या साठत आली होती. भूकंप हा आपला विषयच नाही असं वाटत असल्यामुळे तिच्याकडे कोणी पाहिलं नव्हतं. पुढे २००२ मध्ये नकाशा सुधारला तेव्हा तो पहिला विभागच काढून टाकला, आणि सर्वांत कमी धोक्याचा विभाग दुसरा ठरला.

आणि हे फक्त मातीच्या घरांचं नाही. २६ जानेवारी २००१ च्या कच्छच्या भूकंपाचा केंद्रबिंदू अहमदाबादपासून दोनशेहून अधिक किलोमीटरवर होता. अहमदाबाद मध्यम धोक्याच्या तिसऱ्या विभागात. तरीही तिथे ७० हून अधिक बहुमजली इमारती कोसळल्या आणि ७०० हून अधिक माणसं गेली. पडलेल्यांपैकी कितीतरी इमारतींचा तळमजला पार्किंगसाठी मोकळा होता. वरच्या मजल्यांना भिंतींचा आधार असतो, खाली नुसते कॉलम. हलताना सगळा ताण तिथेच येतो. ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसलमध्ये तर २८ डिसेंबर १९८९ ला अवघ्या ५.६ च्या धक्क्याने १३ बळी घेतले.

अशा अहवालांत ‘४७५ वर्षांतून एकदा होणारा भूकंप’ हेही सर्रास लिहिलेलं असतं. तो ‘एकदा’ फसवा आहे. मूळ हिशेब असा की, इतका जोराचा हादरा ५० वर्षांत बसण्याची शक्यता १० टक्के. तो उद्याही बसू शकतो, आणि एकदा बसला म्हणून पुढची ४७५ वर्षं निर्धास्त राहता येत नाही. तेव्हा मराठीत शक्यताच लिहावी, वर्षं नकोत.

व्याकरणाचंही सांगतो: जोखीम स्त्रीलिंगी आहे. ती जोखीम, जोखमीचा अंदाज, जोखमीचं मूल्यमापन. ‘जोखीमचा’ आणि ‘जोखीमेचा’ ही दोन्ही रूपं टाळावीत.

तुमच्या अहवालातलं वाक्य मी असं लिहीन: ‘२०१६ च्या भारतीय मानकानुसार नागपूर दुसऱ्या विभागात येत असल्याने येथे भूकंपाचा धोका कमी आहे. मात्र इमारतीचा तळमजला पार्किंगसाठी मोकळा असल्याने तिची जोखीम किती आहे, हे तळाचे कॉलम व त्यांतील सळया तपासल्याशिवाय सांगता येणार नाही.’