वाचकांचे आहार-प्रश्न : गहू वर्ज्य असलेले ताट

गेल्या काही अंकांत आहारविषयक प्रश्नांना या सदरातून उत्तरे दिली. त्यानंतर आलेल्या पत्रांत सिलिअॅक आजाराविषयीची पत्रे बरीच होती. या आजारात गहू, बार्ली आणि राय या धान्यांतील ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर हल्ला करते. त्यामुळे अन्नरस शोषून घेणारे बारीक उंचवटे झिजतात. ग्लुटेन आयुष्यभर पूर्णपणे टाळणे हाच सध्या त्यावरचा उपाय आहे. निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला सिलिअॅक असल्याचे निदान होऊन वर्ष झाले. घरात तिच्यासाठी पोळी, पाव, बिस्किटे, रवा, शेवया सर्व बंद आहे. ती ज्वारी, बाजरी आणि नाचणीची भाकरी व भात खाते. तरीही रक्तातील टीटीजीचा (या आजारात शरीर तयार करते त्या प्रतिपिंडांचा) आकडा निम्माच उतरला आहे, अधूनमधून पोट दुखते आणि वजन वाढत नाही. डॉक्टर म्हणतात की कोठून तरी ग्लुटेन पोटात जात आहे. आम्ही काहीच चोरून देत नाही, मग ते कोठून जाते? — एक आई, नाशिक

उत्तर : आपण धान्यांची निवड अगदी बरोबर केली आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी, राजगिरा, मका, कडधान्ये आणि डाळी यांत मुळातच ग्लुटेन नसते. या बाबतीत महाराष्ट्रातले स्वयंपाकघर भाग्यवान आहे, कारण ज्या देशांत पावाशिवाय जेवण होत नाही तेथे रुग्णाला जे नव्याने शोधावे लागते, ते आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या शिजत आले आहे. त्यामुळे आपल्या घरी शोध घ्यायचा तो धान्याचा नव्हे, तर ते धान्य दळले कोठे जाते याचा.

किती ग्लुटेन पुरेसे होते, हे आधी लक्षात घ्यावे. इटलीतील संशोधकांनी 2007 साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात, पथ्यावर असलेल्या रुग्णांना रोज 50 मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने दिले असता आतड्याच्या अस्तराला इजा झाल्याचे दिसले. गव्हाच्या पिठाच्या वजनाचा साधारण दहावा भाग ग्लुटेन असतो, म्हणजे 50 मिलिग्रॅमसाठी अर्धा ग्रॅम पीठ पुरते, आणि अर्धा ग्रॅम पीठ पाव चमच्याहूनही कमी भरते. आता कोपऱ्यावरची गिरणी डोळ्यांसमोर आणावी. आपल्या आधी कोणाचे तरी पाच किलो गव्हाचे दळण झालेले असते, पाळ्यांमध्ये, नळीत आणि पीठ पडते त्या कापडी पिशवीत गहू चिकटून राहिलेला असतो, आणि त्यावर आपली ज्वारी पडते. पहिले किलोभर पीठ बाजूला काढले तरी उरलेले निर्धोक होईल याची खात्री देता येत नाही, शिवाय गिरणीतल्या हवेतही पीठ उडतच असते. मुलगी दिवसातून दोन वेळा भाकरी खात असेल, तर माझ्या मते पहिला संशय गिरणीवरच घ्यावा.

शक्य असेल तर घरघंटी घ्यावी आणि तिच्यात गहू एकदाही दळू नये. नातेवाइकांकडची वापरलेली घरघंटी चालणार नाही. खर्च जड वाटत असेल, तर आपल्या गावातील एक-दोन रुग्ण कुटुंबांनी मिळून एक घेतली तरी चालते. लहान प्रमाणात तांदूळ, वरी किंवा राजगिरा मिक्सरच्या भांड्यातही दळता येतो. धान्य अख्खे आणावे. ज्वारीच्या पोत्यात गव्हाचे दाणे सापडतात, म्हणून ते ताटात पसरून निवडावे, दोन-तीन पाण्यांत धुवावे आणि कडकडीत वाळवूनच दळावे. गच्चीवर वाळत घालताना शेजारी गहू पसरलेले नाहीत ना, हेही पाहावे. दुकानात मिळणाऱ्या ज्वारी-नाचणीच्या पिठाच्या पुड्यांवर केवळ धान्याचे नाव असेल तर विश्वास ठेवू नये, कारण एकाच कारखान्यात गहूही दळला जातो. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांनुसार ग्लुटेनमुक्त असे छापण्यासाठी किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असून चालत नाही, म्हणून तो स्पष्ट शब्द पाकिटावर असेल तेच पीठ घ्यावे.

दुसरा संशय हिंगावर घ्यावा. बाजारातील हिंग शुद्ध नसतो. मूळ हिंग अतिशय उग्र असल्यामुळे त्यात डिंक आणि पीठ मिसळून तो सौम्य केला जातो, आणि हे पीठ बहुधा गव्हाचे असते. एका चिमटीतून जाणारे ग्लुटेन थोडेच असते हे खरे, पण आपल्याकडे वरणात हिंग, भाजीत हिंग, कोशिंबिरीच्या फोडणीत हिंग, लोणच्यात आणि गोड्या मसाल्यातही हिंग असतो, आणि हे रोज घडते. तांदळाच्या पिठात बांधलेला हिंग आता मिळतो. त्याच्या डबीवरील घटक वाचून घ्यावा, नाहीतर मुलीच्या वाट्याचे अन्न हिंगाविना शिजवावे. जिरे, लसूण, कढीपत्ता आणि ओव्याने फोडणी पुरेशी खमंग होते.

यानंतर घरातील डबे तपासावेत. थालीपिठाच्या भाजणीत बहुतेक घरी गहू असतो आणि मेतकुटातही असतो. भाताबरोबर पौष्टिक म्हणून मेतकूट दिले जात असेल, तर कारण तेथेच सापडेल. कुरडया गव्हाच्या चिकाच्या असतात हे माहीत असूनही, ताटात पापडाशेजारी तळून आल्या की विसर पडतो. दुधात घालण्याच्या अनेक पौष्टिक पावडरींत बार्लीचे माल्ट असते, आणि मक्याच्या पोह्यांनाही माल्टची चव दिलेली असते. बेसनाच्या लाडवाला कणी यावी म्हणून थोडा रवा घालण्याची पद्धत आहे, ती मुलीच्या लाडवांपुरती सोडावी.

स्वयंपाकघर एकच असेल तर तवा, पोळपाट, लाटणे, परात आणि चाळणी तिच्यासाठी वेगळी ठेवावी. लाकडाच्या भेगांतून आणि चाळणीच्या जाळीतून पीठ निघत नाही. स्टीलची ताटे, वाट्या, कुकर मात्र साबणाने नीट घासल्यास पुरते, त्यांचा वेगळा संच करण्याची गरज नाही. आधी तिची भाकरी करून झाकून ठेवावी आणि नंतर घरच्यांची कणीक मळायला घ्यावी. पुऱ्या तळलेल्या तेलात तिचे काही तळू नये, कारण उष्णतेने ग्लुटेन नाहीसे होत नाही.

एवढे करून सहा महिन्यांनी टीटीजी पुन्हा पाहावी. हा आकडा सावकाश उतरतो, काही मुलांत वर्षाहून अधिक काळ लागतो, त्यामुळे निम्म्यावर आला आहे ही निराशेची गोष्ट समजू नका. मात्र वजन वाढत नसल्यामुळे लोह, ड जीवनसत्त्व आणि बी-12 यांची तपासणी झाली आहे का, हे डॉक्टरांना अवश्य विचारावे. आणि शाळेत मैत्रिणीच्या डब्यातले खाल्लेस का, असा तगादा मुलीच्या मागे लावू नये. बहुतेक वेळा दोष तिचा नसतो, पिठाचा असतो.

प्रश्न : मी नोकरीनिमित्त पुण्यात एकटा राहतो. गेल्या वर्षी निदान झाले. विकतचे ग्लुटेनमुक्त पाव आणि बिस्किटे महाग असून भुशासारखी लागतात, भाकरी मला थापता येत नाही, आणि रोज भात-वरण खाऊन कंटाळा आला आहे. चवीचे काही उरले आहे का? — एक वाचक, पुणे

उत्तर : पुष्कळ उरले आहे, फक्त ते पावाच्या दुकानात शोधू नये. पावाला जी जाळी आणि लवचीकता येते ती ग्लुटेनमुळेच, म्हणून ते काढून त्याच वस्तूची नक्कल करायला गेले की स्टार्च, साखर आणि चरबी वाढवून काम भागवावे लागते. अशा पाकिटांवर पगार खर्च करण्यापेक्षा, ज्या पदार्थांत गहू कधी नव्हताच त्यांच्याकडे वळावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

कोकणातल्या तांदळाच्या पदार्थांपासून सुरुवात करा. घावन थापावे लागत नाही, पातळ पीठ तव्यावर ओतले की झाले. तांदूळ आणि उडीद आंबवून केलेली आंबोळी, केळीच्या पानावरची पानगी, फणसाच्या रसातले सांदण, गूळ-खोबऱ्याची खांडवी, ताकातली तांदळाची उकड, हे सगळे एकट्या माणसाला करता येते. मुगाची धिरडी, पोहे, साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ आणि दाण्याची आमटी हेही चालते. उपवासाच्या पदार्थांत गहू नसतो, त्यामुळे ती यादी आपल्यासाठी मोलाची आहे, मात्र राजगिऱ्याचे आणि शिंगाड्याचे सुटे पीठ गिरणीच्या कारणासाठी टाळावे.

भाकरीचे म्हणाल, तर ती थापण्याऐवजी लाटून पाहा. एक वाटी पाणी उकळून त्यात मीठ व चमचाभर तेल घालावे, एक वाटी ज्वारीचे पीठ टाकून झाकण ठेवावे, आणि कोमट झाल्यावर हाताला पाणी लावून पाच मिनिटे भरपूर मळावे. गरम पाण्याने पिठातला स्टार्च फुलतो आणि ग्लुटेनचे काम बऱ्याच अंशी तोच करतो, त्यामुळे फुलका न फाटता लाटला जातो. डब्यात नेल्यावर मऊ राहावा असे वाटत असेल तर पिठात चमचाभर इसबगोलची भुशी मिसळावी.

कंटाळ्याइतकीच भाताची दुसरीही अडचण आहे. केवळ पांढरा भात आणि साबुदाणा यांवर राहिल्यास तंतू, लोह आणि ब गटातील जीवनसत्त्वे कमी पडतात. नाचणीच्या शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, आणि या आजारात हाडे ठिसूळ होण्याचा धोका असल्यामुळे आंबील किंवा सत्त्वाच्या रूपाने नाचणी रोज पोटात जावी. ओट्सविषयी विचारणारे वाचकही आहेत. ओट्स बहुतेक रुग्णांना सोसतात, पण बाजारातील साध्या ओट्समध्ये गहू आणि बार्ली मिसळलेली असते, म्हणून ग्लुटेनमुक्त अशी स्पष्ट नोंद असलेलेच घ्यावेत आणि तेही तब्येत स्थिरावल्यानंतर, डॉक्टरांना विचारून.

प्रश्न : आम्ही मडगावला राहतो. यजमानांना हा आजार आहे. मासळी त्यांना चालते ना? बाहेर जेवताना काय पाहावे? — एक वाचक, गोवा

उत्तर : मासळी निर्धोक आहे, तिला लावलेला रवा निर्धोक नाही. रवा गव्हाचाच असतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. घरी तांदळाच्या पिठीत घोळवून तळावी, ती तितकीच कुरकुरीत होते. खाणावळीत मात्र तव्यावर दिवसभर रव्याचे तुकडे परतले जात असतात, म्हणून तळलेल्या तुकडीचा मोह सोडून भात, हुमण आणि सोलकढी मागवावी, आणि कालवणाला दाटपणा येण्यासाठी कोणतेही पीठ लावलेले नाही ना, हे विचारावे. पाव आणि गव्हाचेच असलेले पोई व उंडो वर्ज्य आहेत, तांदळाच्या सान्नां चालतात. बार्लीपासून बनणारी बिअरही वर्ज्य आहे.

प्रश्न : माझे पोट कायम बिघडते आणि हिमोग्लोबिन कमी असते. आतेबहिणीला सिलिअॅक आहे, म्हणून मी दोन महिन्यांपूर्वी स्वतःच गहू सोडला. बरे वाटते. आता घरचे म्हणतात की खपली गहू देशी असल्यामुळे तो खायला हरकत नाही. — एक वाचक, सांगली

उत्तर : खपली हा गहूच आहे आणि त्यात ग्लुटेन असते. सिलिअॅक असलेल्या माणसाने तो खाऊ नये, मग तो कितीही जुन्या वाणाचा आणि सेंद्रिय असो. गव्हांकुरांचा रस आणि आंबवलेल्या कणकेचा पाव यांच्याबाबतीतही हेच लक्षात ठेवावे.

पण आपल्या बाबतीत त्याआधीची गोष्ट महत्त्वाची आहे. आपल्याला हा आजार आहे की नाही, हेच अजून ठरलेले नाही. टीटीजीची रक्ततपासणी आणि दुर्बिणीतून घेतलेला आतड्याचा तुकडा, या दोन्ही तपासण्या गहू खात असतानाच खरे उत्तर देतात. गहू बंद केल्यावर प्रतिपिंडे उतरतात, अस्तर भरून येऊ लागते, आणि आजार असूनही अहवाल निर्दोष येऊ शकतो. पोटविकारतज्ज्ञांना भेटून, तपासणीसाठी काही आठवडे पुन्हा गहू खावा लागेल का, हे त्यांच्याकडूनच ठरवून घ्यावे. जनुकांची एक तपासणी आहे, तिच्यावर आहाराचा परिणाम होत नाही. ठरावीक दोन्ही जनुके नसतील तर हा आजार जवळजवळ नाहीच असे म्हणता येते. ती असली म्हणून मात्र आजार आहे असे होत नाही, कारण कित्येक निरोगी माणसांतही ती असतात. जन्मभराचे पथ्य अंदाजावर सुरू करू नये, आणि कमी हिमोग्लोबिनचे दुसरे कारण दुर्लक्षित राहू नये, यासाठी हे सांगत आहे.

प्रश्न : माझ्या सुनेला सिलिअॅक आहे. लग्नकार्यात ती काहीच खात नाही, त्यावरून पाहुणे बोलतात. पुढच्या महिन्यात आमच्याकडे सत्यनारायण आहे, आणि प्रसादाला नाही म्हणणे आम्हालाही अवघड वाटते. — एक सासूबाई, अमरावती

उत्तर : सुनेसाठी आपण पत्र लिहिलेत, याचा मला फार आनंद झाला. लग्नाच्या पंगतीत तिला आग्रह करू नये. तेथील साध्या वरणात हिंग असतो, मठ्ठ्यातही असतो, आणि पुरीचा झारा भजीच्या कढईत फिरतो. आचाऱ्यांशी आदल्या दिवशी बोलून तिच्यापुरता भात आणि फोडणीआधीचे वरण झाकून बाजूला ठेवता येते, नाहीतर तिने घरून डबा न्यावा आणि तो सर्वांबरोबर पंगतीतच बसून खावा. पाहुण्यांना उत्तर तिने देण्यापेक्षा आपण दिले, तर विषय तेथेच संपतो.

प्रसादाचे तर आपल्याच हातात आहे. तीर्थ, पंचामृत आणि फळे तिला चालतातच, आणि शिरा रव्याऐवजी तांदळाच्या कण्यांचा करता येतो. तो तिच्यापुरता वेगळा न करता सर्वांसाठीच करावा, म्हणजे पळी आणि भांडे बदलण्याची धास्ती राहत नाही. तांदूळ धुऊन, वाळवून घरच्या मिक्सरमध्ये जाडसर दळावेत. सव्वाच्या मापानेच कण्या, तूप, साखर आणि केळी घ्यावीत. कण्या तुपावर गुलाबी भाजून झाल्यावर दुधाबरोबर तेवढेच गरम पाणी घालावे, कारण त्यांना रव्यापेक्षा जास्त ओल लागते, आणि त्या पूर्ण मऊ शिजल्यावरच साखर घालावी, नाहीतर दाणा कडक राहतो.