कुणाच्या नावाने गरीब कुटुंबाला शेळी किंवा गाय भेट दिली तर खरंच उपयोग होतो का?

होतो, पण जनावरासोबत काय दिलं जातं ते आधी बघा. या पद्धतीचं एक जुनं उदाहरण म्हणजे अमेरिकेतली हेफर इंटरनॅशनल ही संस्था. स्पेनच्या यादवी युद्धात निर्वासितांना दूध वाटताना तिचे संस्थापक डॅन वेस्ट यांना वाटलं, पेलाभर दुधापेक्षा गायच द्यावी. 1944 साली 17 कालवडी पोर्तो रिकोला गेल्या. अट एकच: होणारी पहिली कालवड दुसऱ्या गरजू कुटुंबाला द्यायची. मला यातलं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण घेणारं घर स्वतः देणारं होतं.

पण चारा, पाणी, गोठा आणि लसीकरणाची सोय नसेल तर दुष्काळी भागात तीच गाय घराला ओझं होते. तिथे शेळी किंवा कोंबड्या बऱ्या. किंवा सरळ पैसेच द्या. गिव्हडायरेक्ट ही संस्था केनियात मोबाइलवरून थेट कुटुंबांच्या हातात रक्कम पोचवते, मग छपराचा पत्रा घ्यायचा की बियाणं, ते त्यांचं ती कुटुंबंच ठरवतात.

आणि हो, संस्थांच्या भेटवस्तूंच्या कॅटलॉगमधली शेळी बऱ्याचदा प्रतीकात्मक असते, पैसे संस्थेच्या एकूण कामात जातात. यात फसवणूक नाही, बारीक अक्षरात सहसा तसं लिहिलेलं असतं. तेवढं वाचून मग द्या.