आजीचा हरिपाठ आणि आबांचा गुडघा

चि. सई,

रविवारी व्हिडिओ कॉलवर आजीचा हरिपाठ चालू होता. आपल्याकडे आइंडहोवेनला दुपारचे साडेतीन, तिकडे दिवेलागण. तू माझ्या कानाला लागून विचारलंस, "बाबा, देवाच्या दारात क्षणभर उभं राहिलं की झालं, असं आजीच म्हणतेय. मग ती रोज अर्धा तास का म्हणते?" मी "शूऽ" केलं. फोन ठेवल्यावर तू दुसरा प्रश्न टाकलास: "आणि एवढं देवाचं करते, तरी शेजारच्या काकींशी का भांडते?" त्यावर मी म्हणालो, मोठी झालीस की कळेल. ही पळवाट होती. मला स्वतःलाच नीट सांगता येईना, म्हणून तसं म्हणालो. आता तू शाळेच्या कॅम्पवरून येईपर्यंत हे लिहून तुझ्या टेबलावर ठेवतो. रविवारच्या मराठी वर्गात वाचायला शिकलीस, त्याचा उपयोग होऊ दे.

आधी तुझा पहिला प्रश्न मी आजीला फोन करून जसाच्या तसा सांगितला. ती हसली. म्हणाली, "क्षणाचंच काम हाय. पर त्यो क्षण कवा घावंल ह्ये कुठं ठावं हाय? अर्धा तास म्हणलं तर त्यात एखादा घावतो. बाकीचा येळ माझं ध्यान चुलीवरच्या दुधावर असतंय." मग म्हणाली, पोरगी हुशार हाय, आणि सर्दी झाली का विचारून ठेवून दिला.

माझं पत्र खरं तर इथेच संपायला हवं. पण तू ज्या ओळीवर बोट ठेवलंस ती जरा पुढे वाचून बघ. ज्ञानेश्वर महाराजांच्या हरिपाठाचा तो पहिलाच अभंग. "देवाचिये द्वारीं उभा क्षणभरी, तेणें मुक्ति चारी साधियेल्या." चार मुक्ती म्हणजे सलोकता, समीपता, सरूपता आणि सायुज्यता. देवाच्या गावात राहायला मिळणं, त्याच्या जवळ बसायला मिळणं, त्याच्यासारखं होणं, आणि शेवटी तो आणि आपण वेगळे न उरणं. तुला हे एखाद्या खेळातल्या लेव्हलसारखं वाटेल. मलाही तुझ्या वयात तसंच काहीतरी वाटायचं, आणि मग मीही तुझ्यासारखाच हिशोब करायचो: क्षणात चार, तर अर्ध्या तासात किती?

पण लगेच पुढची ओळ आहे: "हरि मुखें म्हणा हरि मुखें म्हणा, पुण्याची गणना कोण करी." मोजत बसू नकोस, असं त्याच अभंगात सांगितलंय. आणि शेवटच्या ओळीत गंमत आहे. सुरुवातीला माणूस देवाच्या दारात उभा असतो, आणि शेवटी द्वारकेचा राणा पांडवांच्या घरी आलेला असतो. दार तेच, पण कोण कुणाकडे गेलं ते बदललं. एवढा फरक चार ओळींत करणारा माणूस 1296 साली आळंदीला समाधिस्थ झाला तेव्हा जेमतेम विशीतला होता. तुझ्या इंजिनिअरिंगवाल्या दादापेक्षाही लहान.

आता "पुण्याची गणना कोण करी" हे म्हणायला सोपं आहे. आपल्या घरात मात्र गणना हाच धंदा होता, कारण तुझे आबा मापाडी होते. बाजारात शेतकऱ्याचा माल काट्यावर चढवून किती भरला ते सांगणारा तो मापाडी. आमच्या भागात कांदा भरपूर. पोती उतरायची, काट्यावर जायची, आबा मोठ्याने आकडा म्हणायचे, शेजारी बसलेला दिवाणजी लिहायचा. आबा आकडा म्हणाले की तो झाला, शेतकरी पुन्हा बघायला येत नसे.

आणि आबा माळकरी होते. तुळशीची माळ त्यांनी लग्नाआधीच आळंदीच्या कार्तिकीला घातली होती. माळ घालायची म्हणजे गळ्यात दागिना घालणं नव्हे, काही गोष्टी कबूल करायच्या. मांस-मच्छी नाही, दारू नाही. एकादशीचा उपास. रोज हरिपाठ. वर्षाला पंढरीची वारी. आणि खोटं बोलायचं नाही, परक्या बाईकडे आणि परक्याच्या पैशाकडे वाईट नजरेनं बघायचं नाही. लोक मटणाचं तेवढं लक्षात ठेवतात. "माळकरी आहेस ना, मग अंडं चालतं का?" असं विचारणारे मला शंभर भेटले. "माळकरी आहेस ना, मग वजन बरोबर करतोस का?" असं विचारणारा एकही नाही.

माळ चुकून तुटली तर परत ओवून गळ्यात पडेपर्यंत आबा पाणीसुद्धा घेत नसत. म्हणून मी पाचवीत असताना एका सकाळी ती पंचांगाच्या शेजारी खुंटीला लटकलेली दिसली तेव्हा मला वाटलं दोरा बदलायचा असेल. आबा चहा पिऊन बाजारात गेले. संध्याकाळी आले, हातपाय धुतले, आणि माळ घातली. दुसऱ्या दिवशी पुन्हा खुंटीला. मग हळूहळू संध्याकाळीही ती खुंटीलाच राहू लागली.

आजीने काही विचारलं नाही. ती एरवी मोरीच्या पाण्यावरून आख्खी आळी गोळा करते, पण तेव्हा गप्प होती. मग एकादशी आली. आमच्याकडे एकादशी म्हणजे साबुदाण्याची खिचडी, भगर, शेंगदाण्याची आमटी. "एकादशी आणि दुप्पट खाशी" म्हणतात ते उगाच नाही. आजीने आम्हा सगळ्यांना खिचडी वाढली, आणि आबांच्या ताटात भाकरी आणि वांग्याची भाजी ठेवली. ते ताटाकडे बघत बसले. आजी म्हणाली, "माळ न्हाई तर उपास कशापायी?" एवढंच. आबा न जेवता उठले. दुसऱ्या दिवशी ते माळ घालून बाजारात गेले, आणि दुपारीच घरी आले. ज्या गाळ्यावर काम होतं ते सुटलं होतं. पुढचे कितीतरी महिने त्यांनी पाठीवर पोती वाहून हमाली केली.

काय झालं होतं ते मला कॉलेजात असताना कळलं, तेही गिरणीत. गव्हाचं पोतं काट्यावर होतं. आबांनी मला जवळ बोलावलं, पोत्याच्या बुडाला हळूच गुडघा टेकवला, आणि म्हणाले, "बघ." काटा किलोभर खाली आला. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, म्हातारा पोतं सावरतोय. "एवढंच. ह्याला काटा मारणं म्हणत्यात." त्या वर्षी आत्याच्या लग्नाचं कर्ज होतं, आणि आडत्याने, म्हणजे शेतकऱ्याचा माल विकून देणाऱ्या दलालाने, सांगितलं होतं की पोत्यामागं थोडं आपल्या बाजूनं बघा. दिवसाला शंभर पोती धर. पोत्यामागे एक किलो, म्हणजे रोज पन्नास किलोची दोन पोती कांदा कुणाकुणाच्या घरून गुपचूप जात होता. आणि माळ गळ्यात असताना त्यांचा गुडघा पुढे होत नव्हता, म्हणून आधी माळ खुंटीला गेली.

सई, मला या गोष्टीत सगळ्यात जास्त काय आवडतं सांगू? ते माळ घालूनही गुडघा लावू शकले असते. कितीतरी लोक लावतात. गळ्यात माळ, कपाळाला बुक्का, आणि काटा मारलेला. आबांना ते जमलं नाही. चूक केली, पण देवाला तिच्यात भागीदार केलं नाही. आता तू म्हणशील, चूक ती चूकच. हो, चूकच. तेही तसंच म्हणायचे.

आमच्या घरावरून माउलींची पालखी जाते, लोणंदहून तरडगावला जाताना. पुढे चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण होतं, वारकऱ्यांच्या रांगांमधून घोडा धावतो ते, तू सात वर्षांची असताना आपण बघायला गेलो होतो. त्या दिवसांत आबा दरवर्षी एका दिंडीला कांद्याचं एक पोतं द्यायचे, स्वतः पैसे घालून. मला गिरणीतल्या त्या दिवशी एकदम उलगडा झाल्यासारखं वाटलं. मी विचारलं, "म्हणजे ती फेड होती?" आबा जरा चिडलेच. "फेड अशी आस्ती व्हय? ज्याचा गेला त्याला कुठं मिळाला? दिंडीला दिला त्यो दिंडीला दिला." पाप एका पारड्यात, पुण्य दुसऱ्यात, आणि काटा मध्यावर आला की सुटलो, हा हिशोब त्या मापाड्याला मान्य नव्हता. कांदा मोजायचा तो नीट मोजायचा. पुण्य मोजायचंच नाही. मी बऱ्याच कीर्तनांना बसलोय, पण त्या ओळीचा अर्थ मला गिरणीत पिठाच्या धुराळ्यात कळला.

रिंगणाच्या त्या दिवशी एक पांढऱ्या मिशांचे आजोबा तुझ्या पाया पडले होते, आठवतं? तू घाबरून आईच्या मागे लपलीस. वारीत सगळे एकमेकांच्या पाया पडतात आणि सगळेच सगळ्यांना माउली म्हणतात, बाई असो, पोरगं असो, बंदोबस्ताचा पोलीस असो. ऐकायला छान वाटतं, पण हे पंढरपुरात नेहमीच खरं नव्हतं तेही तुला माहीत हवं. चोखामेळा एवढे मोठे संत, पण महार म्हणून त्यांना देवळात जाऊ दिलं नाही. त्यांची समाधी आजही महाद्वारासमोर, नामदेव पायरीच्या पुढ्यात आहे. देवाच्या दारात उभं राहणं म्हणजे काय ते त्यांच्याइतकं कुणाला कळलं असेल? दलितांना आत जाता यावं म्हणून 1947 साली साने गुरुजींना उपोषण करावं लागलं. दहा दिवसांनी दार उघडलं. मधे सहाशे वर्षं लोक रोज हरिपाठ म्हणतच होते. म्हणजे म्हणून आपोआप काही होत नाही, हे तुझं म्हणणं अगदीच खोटं नाही.

आता काकींचं. आजी आणि काकी दोन वर्षं बोलत नाहीत. मोरीचं पाणी कुणाच्या अंगणात जातं, एवढ्यावरून. मी आजीला म्हणालो, हरिपाठ म्हणतेस आणि अबोला धरतेस? तर म्हणाली, "हरिपाठ म्हणती म्हणून नुसता अबोला हाय." काय समजायचं ते समज. पण पालखीच्या दिवशी दोघी एकाच मांडवात, शेजारशेजारच्या चुलींवर भाकऱ्या थापतात. पीठ संपलं की आजी मधल्या सुनेला सांगते, "तिला म्हणावं, परात हिकडं सरकव." काकी तिलाच सांगतात, "तिला म्हणावं, तव्यावरची करपाया लागलीय." मधली सून नुसती बसलेली असते, कारण दोघींनाही सगळं ऐकू आलेलं असतं. शे-दीडशे भाकऱ्या अशा होतात. आजी स्वतः आषाढीला पंढरपुरात गर्दीत कधी जात नाही. मागाहून एसटीने जाते, आणि रांग मोठी असेल तर बाहेरून कळसाला हात जोडून परत येते. कळसाचं दर्शन झालं की वारी पोचली, असं वारकरी मानतात.

मी माळकरी नाही, ते तुला दिसतंच. चिकन खातो, एकादशी कॅलेंडरने आठवण केली तर लक्षात येते, हरिपाठाचे पाच-सहा अभंग सोडले तर पुढे अडखळतो. तूही माळ घालावीस वगैरे माझं काही म्हणणं नाही. फक्त शुक्रवारी ऑफिसची टाइमशीट भरताना सहा तासांचे आठ लिहायला बोट जातं तेव्हा मला आबांचा गुडघा दिसतो. दर वेळी बोट मागे येतंच असं नाही. पण दिसतो.

येत्या रविवारी साडेतीनला फोन लावू. मध्ये बोलू नकोस, पण आजी पंधराव्या-सोळाव्या अभंगाच्या आसपास नेहमी एक ओळ गाळते, तेवढं लक्ष ठेव. मी तुझ्याएवढा असल्यापासून गाळते आहे. आबा असताना ते ती ओळ मागून म्हणायचे. आता कुणी म्हणत नाही. पुस्तक तुझ्या टेबलावर या पत्राखाली ठेवलंय.

तुझा,
बाबा