वाचकांचे प्रश्न : गावाकडचं रेशनकार्ड कोल्हापुरात

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) काम करणारं बिहारी कुटुंब आमच्याकडे भाड्यानं राहतं. रेशनकार्ड बिहारचं आहे. दुकानदार म्हणतो, ‘इथलं कार्ड आणा.’ आठ वर्षांच्या मुलीला प्रवेश देताना शाळा आधीच्या शाळेचा दाखला मागते. काय करावं?

उत्तर : इथलं कार्ड लागत नाही. अंत्योदय किंवा प्राधान्य गटाचं, म्हणजे अन्नसुरक्षा कायद्याखालचं, कार्ड देशातल्या कोणत्याही रेशन दुकानात चालतं. कार्ड नंबर किंवा आधार नंबर सांगायचा आणि ई-पॉस यंत्रावर अंगठा द्यायचा. प्राधान्य गटाला माणशी 5 किलो धान्य मोफत मिळतं.

अडतं ते बहुधा अंगठ्यावर. वाळू आणि उष्णतेनं फाउंड्री कामगाराच्या बोटांच्या रेषा झिजतात, यंत्र ठसा घेत नाही. अशा वेळी त्याच्या बायकोला पाठवा. कार्डावर नाव आणि आधार जोडलेला कुणीही सदस्य चालतो. नवऱ्याचे ठसे आधार केंद्रात अद्ययावत करून घ्या. यंत्रावर शिल्लक शून्य दिसली, तर त्या महिन्याचं धान्य गावाकडे उचललंय का, ते आधी फोन करून विचारा. घरच्यांनी त्यांच्यापुरतंच उचललं, तर उरलेलं इथं मिळतं.

तरीही दुकानदार नाही म्हणाला, तर 14445 या हेल्पलाइनवर तक्रार करा. तुमची शिरोली, म्हणजे पुलाची शिरोली, हातकणंगले तालुक्यात येते, म्हणून लेखी अर्ज तिथल्या तहसीलच्या पुरवठा शाखेत द्या आणि पोच घ्या.

शाळेचं म्हणणं तर साफ चुकीचं आहे. शिक्षण हक्क कायदा, 2009 नुसार दाखला किंवा जन्माचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. मुलीला वयानुरूप वर्गातच बसवायचं, पहिलीत नव्हे. मुख्याध्यापक ऐकत नसतील, तर गटशिक्षणाधिकाऱ्यांना भेटा.