स्पॅनिश क्रियापदे शिकताना मराठीचाच आधार घ्या

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे घरात मराठी आणि बाजारात कन्नड बोलत वाढलेल्या विद्यार्थ्याने स्पॅनिश क्रियापदे इंग्रजीच्या आधाराने पाठ करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘गुस्तार’ हेच पाहा. ‘मे गुस्ता एल कुंदा’ म्हणजे मला कुंदा आवडतो आणि ‘मे गुस्तान लोस मांगोस’ म्हणजे मला आंबे आवडतात; क्रियापद आवडणाऱ्या माणसाप्रमाणे नव्हे, तर आवडलेल्या वस्तूच्या वचनाप्रमाणे बदलते, आणि ही रचना आपल्या जिभेवर आधीपासूनच रुळलेली आहे.

खरी मेहनत ‘सेर’ आणि ‘एस्तार’ यांवर घ्या, कारण मराठीत दोन्हींसाठी ‘आहे’ हेच रूप येते. मूळ गाव, व्यवसाय आणि स्वभाव ‘सेर’ने सांगावा, अवस्था आणि ठिकाण ‘एस्तार’ने. मात्र कायमचे की तात्पुरते, एवढ्याच कसोटीवर विसंबू नका. बेळगावचा किल्ला जागचा हलत नाही, तरीही ‘एल फुएर्ते एस्ता एन बेळगाव’ असेच म्हणतात. उलट लग्न निपाणीत असेल, तर तो प्रसंग असल्यामुळे ‘सेर’चे ‘एस’ हे रूप घेऊन ‘ला बोदा एस एन निपाणी’ म्हणावे लागते.

भूक, तहान आणि वय यांसाठी ‘तेनेर’ (जवळ असणे) वापरावे, जसे ‘तेंगो आंब्रे’ म्हणजे मला भूक लागली आहे.