खोकताना-शिंकताना लघवी निसटते. बसण्याच्या ढबीचा त्याच्याशी संबंध असतो का?

हो, असतो, पण नुसतं ताठ बसून निसटणं थांबत नाही. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची झोळी असते. पोक काढून टेकून बसलं की ती सैलावते, न टेकता ताठ बसलं की आपसूक थोडी आवळते. इलेक्ट्रोड लावून केलेल्या मोजणीत हे दिसलंय. खरा उपाय तिचा व्यायाम: पोटातला वारा (गॅस) सुटू नये म्हणून अडवतो तसं आत-वर ओढायचं, श्वास न रोखता, एका वेळी निदान 8 वेळा, दिवसातून 3 दा, किमान 3 महिने. शिंक येतेय असं वाटताच आधी आवळायचं. (ढुंगण, मांड्या आवळल्या जात असतील तर चुकतंय.) मात्र काहींचे हे स्नायू मुळातच ताठरलेले असतात. शरीरसंबंधाच्या वेळी दुखत असेल किंवा लघवी सुटायलाच वेळ लागत असेल, तर आधी फिजिओथेरपिस्टला दाखवा.