पेडलचं बटण आणि दहावीनंतरचा प्रवेश

प्रश्न : माझी मुलगी यंदा 74 टक्के मिळवून दहावी झाली. गणितात 61 गुण आहेत. गिटार वाजवते, पण वाजवण्यापेक्षा पेडल, म्हणजे गिटारचा आवाज बदलणारी पायाने चालवायची पेटी, उघडून बसण्यात तिचा जीव जास्त. ऑर्केस्ट्रातली मुलं बिघडलेली पेडल आणून देतात. ती पायाने दाबायचं बटण बदलते, वायरी नव्याने जोडते आणि 300 रुपये घेते. हल्ली जुन्या बटणाऐवजी हलकं बटण आणि आत रिले बसवते, का ते मला कळत नाही. अकरावी नको, पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स घेते म्हणते. मुलीला मेकॅनिक करायचं, की हा नाद सोडवून सायन्सला घालायचं?
– एक पालक, कोल्हापूर जिल्हा

सप्रेम नमस्कार.

‘का ते मला कळत नाही’ असं तुम्ही रिलेबद्दल लिहिलंत. मी तिथूनच सुरुवात करतो, कारण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या रिलेत आहे. रिले म्हणजे विजेच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच.

पेडलच्या नेहमीच्या बटणाला खालून वायरी जोडायचे नऊ पाय असतात, तीन-तीनच्या तीन रांगा. गिटारचा आवाज पेडलच्या सर्किटमधून न्यायचा की सर्किट वगळून सरळ पुढे पाठवायचा, हे दोन रांगा ठरवतात. तिसरी रांग दिवा लावते. म्हणजे आवाज ज्या संपर्कांतून जातो, त्यांच्यावरच बुटाचा प्रत्येक दणका बसतो. ते झिजले की आवाज अधूनमधून गुल होतो. बरं, बटण बदलायचं तर सोल्डरिंग आयर्न बटणाच्या पायावर जरा जास्त वेळ टेकलं तरी आतलं प्लास्टिक मऊ होऊन नवं कोरं बटण वाया जातं.

तुमच्या मुलीने आवाजाची वाट आणि पायाचा दणका वेगळे केले. हलकं बटण फक्त खूण करतं आणि आवाज रिलेतून जातो. अशा जोडणीत बहुधा मधे एक छोटा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे प्रोग्रॅमवर चालणारी चिप, असतो. बटण एकदा दाबलं तरी आतला पत्रा काही मिलिसेकंद थरथरतो आणि कंट्रोलरला ते अनेकदा दाबल्यासारखं दिसतं. ती थरथर प्रोग्रॅममध्ये गाळावी लागते, नाहीतर पेडल चालू होऊन त्याच क्षणी बंद पडेल. रिले साधा असेल तर आणखी एक सोय होते. कार्यक्रमात अडॅप्टरची वायर निसटली तरी रिले आपोआप मूळ जागी येतो आणि गिटारचा आवाज ॲम्प्लिफायरकडे जात राहतो.

मोडलेला भाग बदलून देणारे पुष्कळ भेटतात. तोच भाग पुन्हा पुन्हा का मोडतो याचा विचार करून रचनाच बदलणारी सोळा वर्षांची मुलगी मला आजवरच्या समुपदेशनात क्वचित भेटली आहे. हा नाद सोडवू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

‘मेकॅनिक’ या शब्दाने तुम्ही धास्तावला आहात. लिओ फेंडर यांनी 1938 मध्ये कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनला रेडिओ दुरुस्तीचं दुकान काढलं. पुढे त्यांच्या गिटार जगभर गेल्या, आणि त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. आपल्याकडे घरोघरी रियाजाला लागणारा इलेक्ट्रॉनिक तानपुरा बंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी घडवला. ते अभियंता आणि बासरीवादकही. तुमच्या शेजारच्या मिरजेत पिढ्यान्‌पिढ्या सतार आणि तानपुरे घडवणाऱ्या हातांना लोक कोणत्या आदराने बघतात, ते तुम्ही जाणताच.

आता प्रवेशाचं. माझं मत पदविकेच्या बाजूने आहे : इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन, तीन वर्षं, शक्य तर शासकीय तंत्रनिकेतनात. हाताला काम लगेच मिळतं आणि पुढची दारं उघडी राहतात, कारण पदविकेनंतर अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. आयटीआयचा दोन वर्षांचा इलेक्ट्रॉनिक मेकॅनिक ट्रेडही चांगला आहे, पण तिची झेप रचनेकडे आहे, म्हणून पदविका. ‘एआयसीटीई’च्या (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या) प्रगती शिष्यवृत्तीसाठी अर्ज जरूर करा. ती मुलींसाठी असून वर्षाला 50,000 रुपये मिळतात, पदविकेलाही लागू आहे आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत असावं लागतं.

मला काळजी वाटते ती गणिताची. पदविकेच्या पहिल्या वर्षी मुलं अडखळतात ती बहुधा तिथेच, आणि 61 गुणांवर निर्धास्त राहता येणार नाही. सुटीतच त्रिकोणमिती आणि लॉगॅरिदम पक्कं करून घ्या. आवाजाची पातळी ज्या डेसिबलमध्ये मोजतात ते लॉगॅरिदमच आहे, हे कळलं की तिला ते आवडू लागेल.

फक्त पेडलवर घर चालेल असं मी सांगणार नाही, आपल्याकडे ती बाजारपेठ लहान आहे. पण रिले, मायक्रोकंट्रोलर, सर्किट बोर्ड हीच विद्या इचलकरंजीच्या मागांच्या आणि कोल्हापूरच्या फाउंड्रींच्या कंट्रोल पॅनेलमध्ये लागते. पेडल सोबत राहू द्या.

एक गोष्ट मात्र आजच सांगा. पेडल 9 व्होल्टवर चालतं, तिथे चूक झाली तर फार तर एखादा भाग जळेल. कुणी व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांचा, ॲम्प्लिफायर दुरुस्तीला आणला तर तो तिने उघडायचा नाही. आत कित्येकशे व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतका भार उरू शकतो. जाणत्या माणसाच्या हाताखाली शिकेपर्यंत हे बंधन पाळायलाच हवं.

आणि तिला एक वही आणून द्या. प्रत्येक पेडलचा आधीचा फोटो, बिघाडाचं कारण, बदललेली जोडणी, सगळं तारखेसह लिहायचं आणि काढलेलं जुनं बटण पाकिटात घालून मालकाला परत द्यायचं. उद्या नोकरीच्या मुलाखतीत ही वही गुणपत्रिकेइतकीच उपयोगी पडेल.

तिच्यासाठी माझा एक प्रश्न आहे. बटण दाबल्यावर स्पीकरमधून ‘ठप्’ असा आवाज येतो, तो ती कसा घालवते? इनपुट आणि ग्राउंडच्या मधे 10 लाख ओहमचा रेझिस्टर लावून, की आणखी काही करून? उत्तर तिने स्वतःच्या हाताने, आकृती काढून पाठवावं.